जहाजाचे छप्पर

दिवाळीची सुटी लागली की मुंबईकरांची पावले ज्या दिशांना वळतात, त्यांत डहाणू-बोर्डीचा किनारा आता चांगलाच रुळला आहे. डहाणू रोडला उतरावे, चिकूच्या वाड्यांतून हिंडावे, मुलांना वाळूत मोकळे सोडावे आणि आपण सुरूच्या सावलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडावे, असा हा सुखाचा कार्यक्रम. पण वाचकहो, यंदा गेलात तर अर्धा तास डहाणूच्या खाडीकडेही काढा. तिथे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला दिसेल. क्षणभर थांबतो, मान खाली घालतो आणि दगडासारखा सरळ खाली येतो. मासा हलला तर खंड्याही येता येता आपली चोच तेवढी वळवतो. घार आकाशात कितीही डौलाने फिरो, पाण्यातला चपळ मासा टिपण्याची ही युक्ती खंड्याचीच.

दुसऱ्या महायुद्धात माणसाने हीच युक्ती जहाजे बुडवण्यासाठी वापरली. सूर मारून बाँब टाकणारे विमान, म्हणजे डाइव्ह बाँबर, हा आजच्या सदराचा विषय. सणासुदीला हा कसला विषय, असे कुणी म्हणेल. पण ज्या किनाऱ्यावर आपण सुटी घालवतो, त्याच समुद्रात विमान आणि जहाज यांची गाठ पडल्याला फार काळ लोटलेला नाही, आणि त्यातून निघालेला धडा आपल्या देशाच्या कामाचा आहे.

डहाणूहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस निघाले की घोलवड, बोर्डी, मग तलासरी तालुक्यातले झाई; आणि झाईची वेस ओलांडली की गुजरात. तिथून पुढे दमण. डहाणूपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, तलासरीपासून तर तीसच. डिसेंबर १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य जेमतेम दीड वर्षाचे होते आणि दमणवर अजून पोर्तुगिजांचे निशाण फडकत होते. १८ डिसेंबरच्या पहाटे पहिली मराठा लाइट इन्फंट्री दमणमध्ये शिरली. दिवसभरात आपल्या हवाई दलाच्या विमानांनी दमणवर १४ उड्डाणे केली. त्यांचे लक्ष्य होते पोर्तुगिजांच्या तोफा.

त्या वेळी दमणच्या समुद्रात ‘अंतारेस’ नावाची पोर्तुगीज गस्तीची नौका उभी होती. तिची जोडीदारीण ‘वेगा’ खंबायतच्या आखाताच्या पलीकडे, दीवला. दोन्ही नौका लहान. दोघींनाही त्या पहाटे बंदराबाहेर पडण्याचा हुकूम मिळाला. पुढे मात्र दोघींचे नशीब अगदी निराळे निघाले.

‘वेगा’ने सकाळी साडेसातच्या सुमारास दोन भारतीय विमाने पाहिली आणि आपल्या २० मिलिमीटरच्या तोफेने त्यांच्यावर मारा सुरू केला. विमाने वळली आणि त्यांनी तिच्यावर दोनदा हल्ला चढवला. नौकेचा तरुण कप्तान ऑलिव्हेरा ए कार्मो आणि तिचा तोफची ठार झाले, नौका कामातून गेली, उरलेले खलाशी पोहत किनाऱ्याला लागले आणि युद्धकैदी झाले. इकडे ‘अंतारेस’ पहाटे चारपासून संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांपर्यंत दमणसमोर उभी होती. किनाऱ्यावरची लढाई तिने सारा दिवस पाहिली. मग किनाऱ्याशी तिचा संपर्क तुटला. तिने अंधारात नांगर उचलला आणि सुमारे ८५० किलोमीटरचा पल्ला मारून २० डिसेंबरच्या रात्री आठला कराची गाठली. वाटेत तिला कुणीही अडवले नाही.

एकाच जातीच्या दोन नौका, एकच दिवस, तेच हवाई दल. एक काही मिनिटांत संपली आणि दुसरी साऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निघून गेली. विमानापुढे जहाजाचे काही चालत नाही, असे आपण सहज बोलून जातो. ते खरे आहे का? अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, खालून सायकलवर जाणाऱ्या गृहस्थांच्या टोपीवर लिंबू टाकायचे आहे, असे समजा. (टाकू नका, नुसते समजा.) लिंबू खाली पोचेपर्यंत टोपी पुढे निघून गेलेली असते. मजला जितका वरचा, तितकी चूक मोठी. तीन हजार मीटर उंचीवरून सरळ उडणाऱ्या विमानाने बाँब सोडला, तर तो पाण्यापर्यंत यायला सुमारे २५ सेकंद घेतो. तासाला ३० सागरी मैलांच्या वेगाने, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरने, पळणारी क्रूझर तेवढ्या वेळात पावणेचारशे मीटरहून अधिक पुढे जाते. क्रूझरची लांबी दोनशे मीटरच्या आत आणि रुंदी वीस मीटरच्या आसपास. शिवाय वरून बाँब सुटलेला पाहून कप्तानाने सुकाणू फिरवले, की सारा अंदाज फुकट. म्हणून शहर किंवा कारखाना यांच्यावर परिणामकारक ठरलेली उंचावरची बाँबफेक, पळत्या जहाजापुढे बहुधा हात चोळीत बसे.

डाइव्ह बाँबरने हा हिशेब उलटा केला. तो चार-पाच हजार मीटर उंचीवरून येतो, जहाज नेमके खाली आले की नाक खाली करतो आणि जवळजवळ उभा खाली झेपावतो. पंखांखाली झडपा असतात. त्या उघडल्या की हवेला अडवून वेग हाताबाहेर जाऊ देत नाहीत, आणि वैमानिकाला नेम धरायला काही क्षण जास्त मिळतात. जहाज वळले तर तोही वळतो. पाचएकशे मीटरवर आला की बाँब सोडतो. पोटाखालचा बाँब पंख्याला लागू नये म्हणून एक झुलता सांगाडा त्याला पुढे ढकलून मोकळा करतो. आता बाँबला खाली जायला लागतात तीन-चार सेकंद. तेवढ्यात जहाज हलून हलणार किती? पन्नास-साठ मीटर. म्हणजे आपल्या लांबीच्याही आतच. सुकाणू फिरवायला वेळच उरत नाही.

वैमानिकाची परीक्षा मात्र पुढे असते. विमान वर उचलताना शरीराचे वजन कितीतरी पटींनी वाढल्यासारखे होते, डोक्यातले रक्त खाली उतरते, डोळ्यांपुढे अंधारी येते. खालून तोफा आग ओकत असतात आणि हा तर त्यांच्याच दिशेने सरळ रेषेत येत असतो. हे काम येरागबाळ्याचे नव्हते. त्याला महिनोन्‌महिन्यांचा सराव लागे.

असा सराव झालेली माणसे एप्रिल १९४२ मध्ये हिंदी महासागरात शिरली. पाच विमानवाहू जहाजांचा जपानी ताफा घेऊन ॲडमिरल नागुमो सिलोनवर चालून आला. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला आणि त्याच दुपारी ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ या दोन ब्रिटिश क्रूझर सिलोनच्या दक्षिणेस उघड्या समुद्रात सापडल्या. यांतल्या ‘डॉर्सेटशायर’ने वर्षभरापूर्वीच जर्मनांच्या ‘बिस्मार्क’वर शेवटचे टॉर्पेडो सोडले होते. पन्नासहून अधिक डाइव्ह बाँबर तिच्यावर आणि तिच्या जोडीदारणीवर सूर्याच्या बाजूने, समोरून झेपावले, कारण त्या बाजूला जहाजाच्या तोफा नीट वळत नसत. वीस मिनिटांच्या आत दोन्ही जहाजे तळाला गेली. ४२४ माणसे मेली. ११०० हून अधिक माणसे पाण्यात तरंगत राहिली. मदतीची जहाजे पोचली, ती दुसऱ्या दिवशी, सुमारे तीस तासांनी.

चार दिवसांनी, ९ एप्रिलला, ‘हर्मिस’ या विमानवाहू जहाजाची पाळी आली. विमानवाहू म्हणायचे, पण त्या दिवशी त्याच्यावर एकही विमान नव्हते. त्याची विमाने किनाऱ्यावर राहिली होती. त्रिंकोमालीवर सकाळीच हल्ला झालेला. किनाऱ्यावरून मागवलेली मदत वेळेवर आली नाही. सिलोनच्या पूर्व किनाऱ्याजवळ जपानी डाइव्ह बाँबरांनी त्याला गाठले आणि काही मिनिटांत बुडवले. ३०७ माणसे गेली. जवळून जाणाऱ्या ‘व्हिटा’ या इस्पितळ-जहाजाने सुमारे सहाशे जणांना पाण्यातून वर घेतले. जपानी वैमानिकांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे या दोन दिवसांत टाकलेल्या दर दहा बाँबांपैकी आठांहून अधिक बाँब लागले. शत्रूच्या बढाईची वजावट केली, तरी हे प्रमाण थक्क करणारे आहे.

त्याच ९ एप्रिलला दुसरीही एक गोष्ट घडली, ती फारशी सांगितली जात नाही. सिलोनहून निघालेल्या नऊ ब्रिटिश ब्लेनहाइम विमानांनी नागुमोच्या ताफ्याला गाठले आणि उंचावरून, सरळ उडत बाँब टाकले. धाडस कमी नव्हते. पण एकही बाँब लागला नाही आणि नवांपैकी पाच विमाने परतली नाहीत. एकाच समुद्रात, एकाच दिवशी, घारीची तऱ्हा आणि खंड्याची तऱ्हा यांचा निकाल लागला.

याच आठवड्यात दुसऱ्या एका जपानी ताफ्याने बंगालच्या उपसागरात वीसेक व्यापारी जहाजे बुडवली आणि ६ एप्रिलला विशाखापट्टण व काकिनाडा येथे बाँब पडले. आपल्या तेव्हाच्या नौदलाची ‘इंडस’ ही नौका त्याच दिवशी ब्रह्मदेशातल्या अक्याबला हवाई हल्ल्यात बुडाली. मद्रास शहर भराभर रिकामे होऊ लागले. इतिहासाच्या पुस्तकांत या जहाजांची नावे आणि टनभार छापलेला असतो. पण त्या काळच्या नौदलात आणि ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या डेकवर, बॉयलरपाशी राबणाऱ्या खलाशांत आपल्या रत्नागिरीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. समुद्रावर वरून बाँब पडू लागला की कोकणातल्या कुठल्या तरी घरात पोस्टमनची वाट पाहणे सुरू होई. हे युद्ध आपल्यापासून दूर होते, असे आपण कशाला म्हणायचे?

आता डाइव्ह बाँबर म्हणजे जणू रामबाण, असा समज करून घेऊ नका. त्याला तीन गोष्टी लागत. जहाज आधी सापडावे लागे. वैमानिक मुरलेला लागे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वर आकाशात त्याला अडवणारे कुणी नसावे लागे. झेप घेणारे हे विमान जड आणि संथ असे. शत्रूच्या लढाऊ विमानाने गाठले की त्याची धडगत नसे. ‘डॉर्सेटशायर’, ‘कॉर्नवॉल’, ‘हर्मिस’ या तिन्ही जहाजांवर त्या दिवशी आपल्या बाजूचे एकही लढाऊ विमान नव्हते. घराला भिंती भक्कम, दारे भक्कम, आणि वर छप्परच नाही, अशी त्यांची स्थिती होती.

छप्पर असूनही क्षणभर बाजूला सरले तर काय होते, त्याची दोन उदाहरणे इतिहासात शेजारी शेजारी ठेवण्यासारखी आहेत. १० जानेवारी १९४१ ला भूमध्य समुद्रात ‘इलस्ट्रियस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजाची लढाऊ विमाने खाली पाण्यालगत आलेल्या इटालियन टॉर्पेडो विमानांच्या पाठी लागली. तेवढ्यात वरून जर्मन स्टुका विमाने झेपावली आणि त्यांनी सहा बाँब नेमके लावले. डेकवर जाड पोलाद होते म्हणून जहाज तरले आणि रात्री कसेबसे माल्टाला पोचले. दुसरे उदाहरण मिडवेचे, ४ जून १९४२ चे. अमेरिकन टॉर्पेडो विमाने जपानी ताफ्यावर खालून चालून गेली. त्यांतल्या एका तुकडीची १५ पैकी १५ विमाने पडली. पण त्यांना मारण्यासाठी जपानी लढाऊ विमाने खाली उतरली होती. त्याच वेळी उंचावर अमेरिकन डाइव्ह बाँबर येऊन पोचले आणि पाच-सहा मिनिटांत तीन जपानी विमानवाहू जहाजे पेटली. चौथे दुपारनंतर पेटले. सिलोनला ज्यांनी ब्रिटिशांना छप्पर नसलेले गाठले, त्याच नागुमोंच्या डोक्यावरचे छप्पर दोन महिन्यांनी असे उडाले. काळ कुणाचे उसने ठेवीत नाही.

आपल्या वैमानिकांनीही डाइव्ह बाँबर चालवले आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या तुकड्यांनी ‘वेंजन्स’ नावाची अमेरिकन बनावटीची विमाने ब्रह्मदेशच्या आघाडीवर वापरली. त्यांचे लक्ष्य जहाजे नव्हती. जंगलात दडलेली जपानी ठाणी होती. त्यांतल्या ७ क्रमांकाच्या तुकडीचे नेतृत्व केलेले प्रतापचंद्र लाल पुढे १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख होते.

युद्धानंतर डाइव्ह बाँबर हळूहळू इतिहासजमा झाला. रडारने त्याला दुरून पाहता येऊ लागले. लक्ष्याच्या नुसते जवळ आले की फुटणारे तोफगोळे निघाले. जेट विमानांचा वेग असा वाढला की उभी झेप घेणे परवडेना. शेवटी क्षेपणास्त्र आले. विचार केला तर क्षेपणास्त्र हे खंड्याचेच धाकटे भावंड आहे. शेवटच्या क्षणापर्यंत लक्ष्यावर डोळा ठेवायचा आणि ते हलले तर आपणही वळायचे, हे काम पूर्वी जिवावर उदार झालेला वैमानिक करी. आता तो डोळा अस्त्राच्या नाकातच बसवलेला असतो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या नौकांनी कराचीसमोर ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका क्षेपणास्त्रांनी बुडवली. त्याच दिवशी पूर्वेकडे ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी-हॉक विमानांनी कॉक्सबाजार आणि चितगावच्या बंदरावर हल्ले केले. म्हणजे १९४२ मध्ये ज्या उपसागरात आपल्या बाजूची जहाजे बिनछपराची बुडाली, तिथेच एकोणतीस वर्षांनी आपला ताफा स्वतःचे छप्पर बरोबर घेऊन उभा होता.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. सिलोनजवळ बुडालेल्या ‘हर्मिस’चे नाव ब्रिटिशांनी पुढे एका नव्या विमानवाहू जहाजाला दिले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ते ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख जहाज होते. अर्जेंटिनाच्या विमानांनी त्या युद्धात कित्येक ब्रिटिश जहाजे बाँबांनी बुडवली वा निकामी केली. ‘हर्मिस’ मात्र आपली सी-हॅरियर विमाने घेऊन सुखरूप परतले. तेच जहाज १९८७ मध्ये आपल्याकडे आले आणि ‘विराट’ झाले. २०१७ मध्ये मुंबईत त्याला निरोप देण्यात आला. नव्या ‘विक्रांत’चा नौदलात प्रवेश २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला झाला. या जहाजांवर एवढा पैसा कशाला, असा प्रश्न घरोघरी चहाच्या टेबलावर निघतो. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण उत्तर देताना एप्रिल १९४२ ची ती तीन जहाजे हिशेबात धरावीत, एवढेच म्हणणे आहे.

डहाणू तालुक्यातच वाढवणला मोठे बंदर उभे राहणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध, किनाऱ्याची काळजी, हे प्रश्न स्वतंत्र आहेत आणि त्यांना त्यांची जागा द्यायला हवी. पण जिथे आज मचवे दिसतात, त्या पाण्यात उद्या अवाढव्य मालवाहू जहाजे येतील. सामान्य माणसाच्या घरातले तेल, धान्य, यंत्रे त्यांच्या पोटात असतील, आणि त्यांच्यावर काम करणारी माणसेही आपल्यातलीच असतील.

दीवच्या ‘वेगा’ने अंगावर येणाऱ्या विमानांवर एका तोफेनिशी गोळ्या झाडल्या. दमणची ‘अंतारेस’ वाचली, ती त्या दिवशी विमाने दुसरीकडे गुंतली होती म्हणून. एकीजवळ धैर्य होते, दुसरीला दैव होते. छप्पर दोघींनाही नव्हते. समुद्रावर माणसे पाठवणाऱ्या देशाने त्यांना धैर्याच्या किंवा दैवाच्या भरवशावर सोडू नये. कारण हुकूम देणारा किनाऱ्यावर असतो, आणि तीस तास पाण्यात तरंगत राहतो तो खलाशी.